पाठवणाऱ्याची जागा कोरी

आमच्या घरातून पत्राला उत्तर ज्या वेगाने जायचं, त्या वेगाने पंचवटीत दुसरं काही गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पोस्टमन पत्र टाकून सायकलवर टांग मारेपर्यंत अण्णांचं उत्तर त्याच्या पिशवीत पडलेलं असायचं. बडोद्याच्या एका यजमानांनी तर पत्र लिहायला नुसतं पेनाचं टोपण काढलं आणि दारात आमचं उत्तर हजर, असं मी कंपनीच्या कँटीनमध्ये शपथेवर सांगितलेलं आहे. शपथ कुणाची घेतली ते आता आठवत नाही. मारुतीची असावी, तो सोसणारा आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. गंगेवर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे, हा आमच्या घराचा व्यवसाय. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) गावं आणि आडनावं पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली. अमुक गावचे, अमुक आडनावाचे लोक आले की ते आमचे यजमान; दुसऱ्या कुणी त्यांना हात लावायचा नाही. आणि दुसऱ्यांचे यजमान चुकून आमच्या दारात आले, तर त्यांना पाणी द्यायचं आणि त्यांच्या गुरुजींच्या घरी पोचवून यायचं. या यजमानांच्या वंशावळी लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्यांत असतात. जो येतो तो आपल्या हाताने, आपल्या अक्षरात, आपलं आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहून जातो. आपल्या हाताने, हे महत्त्वाचं. अण्णा यजमानाला स्वतःचं पेन देत, त्याच्यासाठी पान ताणून धरत, पण त्याच्या वतीने एक काना लिहीत नसत. वह्या लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. ती किल्ली एवढी जड होती की अण्णांचा डावा खांदा दोन इंच खाली गेला होता, असं मी म्हणतो. आई म्हणायची, अर्धा इंच.

पत्रांचे नियम दोन. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर. आणि शेवटचं पत्र आपलं. यजमानाने 'सुखरूप पोचलो' लिहिलं की आपण 'वाचून आनंद झाला' लिहायचं. त्याने आभार मानले की आपण आशीर्वाद द्यायचा. आशीर्वादाला कुणी उत्तर देत नाही. तिथे माणूस थांबतो. माणूस थांबतो, यावर आमचा सगळा कारभार चालला होता.

नव्वदच्या दशकात मी अंबडला एका कारखान्यात संगणक विभागात लागलो. विभाग म्हणजे एक थंडगार खोली, तीन मशीन आणि मी. बाहेरच्या मशीनशॉपमध्ये लोक घामाने निथळत असताना मी मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो, त्यामुळे सगळ्यांचा माझ्यावर राग. दशक सरता सरता यजमानांची पत्रं कमी झाली आणि जो तो विचारायला लागला, "गुरुजी, तुमचा ई-मेल काय?" पाच-सहा वेळा हे ऐकल्यावर अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "ते जे काय असतं ते आपल्याकडे नाही, हे बरं दिसत नाही." मी रविवार कारंज्याजवळच्या एका सायबर कॅफेतून ई-मेलची पेटी उघडली. पेटी लहान होती. तेव्हा सगळ्याच लहान असायच्या. आमची म्हणजे, दोन मोठे फोटो आले की तिसरा दारात उभा राहायचा.

आता अडचण अशी की मी कॅफेत जायचो एक दिवसाआड, कंपनीतून सुटल्यावर. आणि नियम त्याच दिवशी उत्तराचा. अण्णा अस्वस्थ. रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आत प्रश्न: "कुणी लिहिलंय?" म्हणून मी आपोआप उत्तराची सोय शोधून काढली. पत्र येऊन पडलं की लगेच पेटीतून ठरलेला मजकूर जाणार. मजकूर अण्णांनी सांगितला, मी इंग्रजी अक्षरांत टाइप केला: 'आपले पत्र पोहोचले. आनंद झाला. कल्याण असो.'

"अण्णा, 'आनंद झाला' काढू का? आपल्याकडे लोक कशासाठी लिहितात ते आठवा."

"आनंद पत्र पोचल्याचा. कारणाचा नव्हे. यजमानाला कळतं ते."

बरं, म्हटलं.

आमच्या कारखान्यात मशीनची देखभाल करायला मुंबईहून एक साहेब यायचे. एवढे हुशार, की नुसत्या पंख्याच्या आवाजावरून मशीनला कोणता ताप आहे ते सांगायचे. त्यांना मी आमच्या आपोआप उत्तराची थोरवी ऐकवली. ते म्हणाले, "पाकीट कोरं ठेवलंय ना?"

ई-मेललासुद्धा पोस्टासारखं पाकीट असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आतल्या पत्रावर आपलं नाव असतं. बाहेरच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा असतो. पत्र पोचलं नाही तर परत येतं ते त्या पत्त्यावर, आणि समोरचं यंत्र आपोआप उत्तर देतं तेही त्याच पत्त्यावर. माणसाने लिहिलेल्या पत्राच्या पाकिटावर पत्ता हवाच. पण यंत्र स्वतःहून जे उत्तर पाठवतं, त्याच्या पाकिटावर ती जागा कोरी सोडायची. मग समोर दुसरं तसंच यंत्र बसलेलं असेल, तर त्याला उत्तर द्यायला पत्ता सापडत नाही आणि ते गप्प बसतं.

"नाहीतर?" मी विचारलं.

"नाहीतर लग्नातले दोन व्याही. तुम्ही घ्या लाडू, नाही नाही, आधी तुम्ही घ्या. पंगत उठते, मांडव उतरतो, तरी हे चालूच." शिवाय साहेबांनी दुसरा उपाय सांगितला: एका माणसाला आठवड्यातून एकदाच आपोआप उत्तर जाईल असं ठेवा. दोन्हींच्या चौकटी तिथेच असतात, खूण केली की झालं.

मी येताना कॅफेत दोन्ही खुणा केल्या आणि घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते जेवून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"पाठवणाऱ्याची जागा कोरी? म्हणजे निनावी?"

"निनावी नाही. आत तुमचं नाव आहे. फक्त बाहेरून कोरं."

"मग घर सापडलं नाही तर पोस्टमन ते परत कुठे आणणार?"

"परत आणूच नये. तेच तर आहे, अण्णा."

"परत येऊ नये असं पत्र शिव्यांचं असतं, नाहीतर धमकीचं. अरे, कोपरा फाडलेलं मर्तिकाचं कार्ड जातं, लोक घरातसुद्धा घेत नाहीत, दारात वाचून टाकून देतात. त्याच्यावरसुद्धा पाठवणाऱ्याचं नाव असतं."

आतून आई म्हणाली, "त्याच्या कंपनीत चालत असेल तसलं."

"बरं, मग आठवड्यातून एकदाच उत्तर, एवढं तरी ठेवू?"

"यजमानाने दोनदा लिहिलं तर दुसऱ्यांदा आपण तोंड फिरवून बसायचं?"

"तसं नाही हो—"

"तसंच आहे ते." अडकित्ता पुन्हा चालू झाला.

मला वाद घालता आला असता. कंपनीत मी मॅनेजरशी घालायचो, एकदा तर तीन दिवस सलग घातला, मध्ये दोन शिफ्ट बदलल्या. पण घरी मी म्हटलं, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन दोन्ही चौकटींतल्या खुणा काढल्या. पत्राच्या आत अण्णांचं नाव, बाहेरही अण्णांचा पत्ता. वर्षभर काही झालं नाही. यजमान खूश. एकाने लिहिलं, 'गुरुजी, मी अजून पाठवायचं बटण दाबतोय तोवर तुमचा आशीर्वाद आला.' अण्णांनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

मग सिंहस्थाच्या आधीचं वर्ष उजाडलं. तयारी म्हणून आमच्याकडचे रस्ते असे खणले, की एका चरात उतरलेला माणूस थेट त्र्यंबकेश्वरला वर निघाला म्हणे. तो निघाला असेल नसेल, आमच्या टेलिफोनची तार मात्र तुटली आणि महिनाभर फोन मुका झाला. मोबाइल तेव्हा आमच्यासारख्यांकडे नव्हते. राहता राहिली ती पेटी.

त्याच महिन्यात एका बाईंचं पत्र आलं. आमचेच यजमान, मूळ गाव विदर्भातलं, राहायला कॅनडात. तिथल्या कुठल्याशा कॉलेजच्या ग्रंथालयात त्या कामाला होत्या आणि ग्रंथालयाच्याच पत्त्यावरून त्यांनी लिहिलं होतं. वडील वारले. अस्थी घेऊन त्या एकट्या येणार होत्या, कारण आई तिकडे दवाखान्यात. पत्राच्या शेवटी होतं: 'बाबा नेहमी सांगायचे, नाशिकच्या वहीत माझं हिरव्या शाईतलं नाव आहे, कॉलेजात असताना आजोबांबरोबर आलो तेव्हा लिहिलेलं. त्या नावाच्या खाली मला माझ्या हाताने त्यांचं लिहायचं आहे. बाकी विधी तुम्ही सांगाल तसे.'

अण्णांनी लगेच कपाट उघडलं. वही निघाली, पान निघालं. हिरवी शाई. वळणदार, जरा मिरवणारं अक्षर, शेवटी विनाकारण एक शेपूट काढलेलं. अण्णांनी त्या पानात सुताचा दोरा घालून ठेवला.

शुक्रवार ठरला. सकाळी आठला पंचवटी कारंज्यावर मी त्यांना घ्यायला उभा असणार, हे मी कळवलं. कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी मी डबा घेऊन निघालो, तर अण्णांनी दारात अडवलं. "त्या बाईंना प्रवासाचं लिहिलंस का?"

"काय लिहायचं?"

"प्रवास सुखाचा होवो. आणखी काय लिहितात?"

"अण्णा, त्या निघाल्यासुद्धा असतील तिकडून."

"मग उशीरच केलास. लिही आज."

संध्याकाळी येताना कॅफेत थांबलो आणि ग्रंथालयाच्या पत्त्यावर एक ओळ टाकून दिली. माझ्या हाताने लिहिलेली, माणसाची ओळ. पाठवलं आणि निघालो, कारण दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांसाठी आईने कोथिंबीर सांगितली होती.

मंगळवारी माझी कॅफेत जायची पाळी नव्हती. बुधवारी सकाळी अण्णा पहिल्या गाडीने सिन्नरला गेले; तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका नव्या शेडची वास्तुशांत होती. मी अंबडला.

बुधवारी संध्याकाळी पेटी उघडायला गेलो तर ती उघडेना. दहा मिनिटांनी उघडली, आणि यादी सरकायला लागली ती थांबेचना. सगळी पत्रं एकाच पत्त्यावरून. ग्रंथालयाच्या पत्त्यावर बाईंनी जायच्या आधी आपोआप उत्तर लावून ठेवलं होतं: 'मी रजेवर आहे. माझे वडील वारले. पुढील महिन्यात परत येईन.' माझी ओळ तिथे पोचली, तशी त्यांच्या यंत्राने ही बातमी दिली. ती आमच्या पेटीत पडली, तसं आमच्या यंत्राने उत्तर दिलं: 'आपले पत्र पोहोचले. आनंद झाला. कल्याण असो.' पाकिटावर अण्णांचा पत्ता. त्यांच्या यंत्राला पत्ता सापडला, त्याने पुन्हा सांगितलं की माझे वडील वारले. आमचं म्हणालं, आनंद झाला.

किती वेळा? हा आकडा मी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सांगितला आहे. कँटीनमध्ये बाराशे. मावसभावाच्या लग्नात चार हजार. एकदा सिन्नरच्या स्टँडवर गाडी दोन तास आली नाही तेव्हा अकरा हजारांपर्यंत गेलो होतो. खरा आकडा मी मोजला नाही. पेटी भरेपर्यंत, एवढं खरं.

कॅफेचे मालक माझ्या खांद्यावरून वाचत होते. "अरे देवा," ते म्हणाले, "ये क्या भजन चालू आहे!" आणि मग आम्ही ते मोठ्याने वाचायला लागलो. ते एका यंत्राचं, मी दुसऱ्याचं.

"माझे वडील वारले," मालक रडव्या आवाजात म्हणायचे.

"आनंद झाला!" मी अण्णांच्या ठेक्यात, उजवा हात वर करून.

"अहो, वारले म्हणतोय!"

"कल्याण असो!"

शेजारच्या मशीनवर नोकरीचे अर्ज भरणारे दोघे खुर्च्या वळवून बसले. त्यातला एक हसून हसून टेबलाखाली गेला, हे मी वाढवून सांगत नाही, त्याची चप्पल तिथे राहिली होती. मी डोळे पुसत होतो. भरलेल्या पेटीत नवीन पत्र शिरत नाही, दारातून परत जातं, हे मला माहीत होतं. पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही. मी हसत होतो.

पूल ओलांडून घरी येईपर्यंत मी गोष्ट मनात पक्की रचली होती. दारातूनच सुरुवात केली, "अण्णा, ऐका, आज तुमच्या आशीर्वादाने काय पराक्रम केलाय—"

आत शेजारच्या घाटावरचे काका बसले होते. तेही गुरुजी, अण्णांच्याच वयाचे. अण्णा सिन्नरहून नुकते आलेले, अंगावर उपरणं तसंच. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. कुणी हसलं नाही. मी मात्र दोन वाक्यं पुढे बोलून गेलो, कारण तोंड सुरू झालं की माझं लगेच थांबत नाही.

"तुमचे यजमान येऊन गेले," काका मला म्हणाले.

परतीचं तिकीट दोन दिवस आधीचं घ्यावं लागलं म्हणून बाई शुक्रवारऐवजी बुधवारीच आल्या होत्या. मंगळवारी मुंबईतून त्यांनी आमचा फोन लावून पाहिला. तो मुका. मग एका कॅफेतून पत्र टाकलं. ग्रंथालयाची पेटी बाहेरून उघडत नव्हती, म्हणून तिथेच नवा पत्ता काढून त्यावरून. ते आमच्या पेटीच्या दारातून परत गेलं. परत गेलेलं त्यांनी पाहिलं नाही. पुढे त्यांनीच लिहिलं की पत्र पाठवलं आणि लगेच उठले, कारण बाबा सांगायचे, या घरातून उत्तर येतंच, त्याची वाट बघावी लागत नाही.

सकाळी आठ ते साडेदहा त्या कारंज्यावर उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. मग घाटावर गेल्या. काकांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि हात जोडले. "बाई, तुम्ही त्यांचे यजमान. मला हात लावता येत नाही. ते सिन्नरला गेलेत, संध्याकाळी येतील."

"मला दुपारी निघायचं आहे," त्या म्हणाल्या.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "मग त्या स्वतःच पाण्यात उतरल्या. मी काय करणार? मी पाठ फिरवून उभा राहिलो. त्यांच्याकडे पाठ, तोंड देवळाकडे. आणि माझं माझं म्हणत राहिलो. मोठ्याने. मी माझ्यासाठी म्हणत होतो, अण्णा, ऐकू गेलं असेल तर माझा इलाज नाही."

"चांगलं केलंत," अण्णा म्हणाले.

नंतर काकांनीच त्यांना आमचं घर दाखवलं. पुढचं आईने सांगितलं. बाई दारातच उभ्या राहिल्या, साडी गुडघ्यापर्यंत ओली. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. पाणी प्यायल्या. त्यांना कपाट दारातून दिसत होतं.

"वही त्यातच आहे का काकू?"

"त्यातच आहे गं. पण किल्ली ह्यांच्या जानव्याला. हे सिन्नरला."

"बरं," त्या म्हणाल्या. "हिरवी शाई अजून दिसते का हो?"

"दिसते," आई म्हणाली. तिने ते पान कधी पाहिलेलं नव्हतं.

मग खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला.

काका गेले. आईने ताटं घेतली. मी कॅफेतलं सगळं अण्णांना सांगितलं, या वेळी सपाट, हात वर न करता. मला काही वाटत नव्हतं. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर होतो तसं, फक्त मुंग्याही नव्हत्या. आमटीत मीठ कमी होतं ते कळलं, एवढं आठवतं.

अण्णांनी भाताला नुसती बोटं लावली होती. मग म्हणाले, "तू ते पाकीट कोरं ठेवायचं म्हणाला होतास. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आपोआप गेलेल्या पत्राला उत्तर येऊ नये म्हणून. परत यायची वाटच ठेवायची नाही.

"म्हणजे अस्थी सोडल्यावर आपण सांगतो, आता मागे वळून बघू नका. तसं?"

"हो. तसंच."

"आणि तर्पणाचं पाणी सोडतो. समोरून कुणी 'पोचलं' म्हणावं अशी अपेक्षा नसते."

"हो."

"मग तेव्हा असं का नाही सांगितलंस?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी वाद घातला असता. त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. ते खरंच विचारत होते. मी जन्मल्यापासून त्याच घाटावर वाढलो होतो. मागे वळून बघू नका, हे वाक्य मी बोलायला शिकायच्या आधी ऐकलेलं. तरी मला ते सुचलं नाही. मी त्यांना मुंबईच्या साहेबांचं वाक्य नेऊन दिलं, आणि त्यांना ते कळलं नाही तेव्हा म्हटलं, जाऊ दे.

गुरुवारी मी पेटी रिकामी केली, दोन्ही चौकटींत खुणा केल्या. पाठवणाऱ्याची जागा कोरी. एका माणसाला आठवड्यातून एकदा. 'आनंद झाला' अण्णांनी स्वतःच काढायला सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी कँटीनमध्ये मी दोन यंत्रांची गोष्ट सांगितली. आवाजासकट, हातासकट. विंचूरकडचा एक फिटर होता, तो पाणी पिताना ठसकला. "लय भारी राव! तुमच्या देवाचं मशीनबी तुमच्यावानीच हाय. ऐकून घ्यायचं नाय, नुसतं बोलायचं." सगळे हसले. मी सगळ्यात जोरात. पुढचा भाग मी सांगितला नाही. त्या दिवशी नाही, मावसभावाच्या लग्नात नाही, सिन्नरच्या स्टँडवरही नाही. लोकांना वाटतं गोष्ट पेटी भरली तिथे संपते. मीच ती तिथे संपवत आलो. आज पहिल्यांदा पुढे नेली आहे, आणि आज तरी काही वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

महिन्याभराने बाईंचं पत्र आलं. ग्रंथालयाच्या पत्त्यावरून. तक्रार एका शब्दाची नव्हती. काय काय झालं ते त्यांनी क्रमाने लिहिलं होतं. पाठमोऱ्या गुरुजींचा आवाज फार स्पष्ट होता, त्यांना माझा नमस्कार सांगा, असं होतं. आणि शेवटी: 'पुन्हा येणं कधी जमेल सांगता येत नाही. माझ्या वतीने तुम्ही बाबांचं नाव वहीत लिहाल का? किंवा मी कागदावर लिहून पाठवते, तो चिकटवा.'

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी एकदाच ऐकलं.

"लिहा ना, अण्णा," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"वही बघतेय."

"मग कागद मागवू?"

"चिकटवलेलं सुटतं." ते उठले, जानव्याची किल्ली कपाटाला लावली. दोरा घातलेलं पान उघडलं. वही मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, लिहितील. त्यांनी लिहिलं, पण हिरव्या नावाच्या खाली नाही. कडेच्या समासात, बारीक अक्षरात, स्वतःच्या काळ्या शाईने. मला वाचू दिलं नाही. वही मिटली, लाल कापड गुंडाळलं. मला म्हणाले, "त्यांना लिही, जागा ठेवली आहे."

मी लिहिलं. ही माणसाची ओळ, म्हणून पाकिटावर पत्ता घातला. दहा-बारा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: 'बरं.' आमच्या यंत्राने त्यावर आपलं उत्तर दिलं, बाहेरून कोरं, आणि ते कॅनडात जाऊन पडलं आणि तिथून काही आलं नाही. जसं व्हायला हवं तसंच झालं.

आता किल्ली माझ्याकडे आहे. जानव्याला नाही, पँटच्या खिशात, स्कूटरच्या किल्लीशेजारी. अण्णा गेल्यावर मी समासातली ती ओळ वाचली. नाव, गाव, आणि मग: 'यांची कन्या अस्थी घेऊन आली. आम्ही हजर नव्हतो. खालची ओळ तिच्या हातासाठी.' खाली अण्णांची सही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या वह्यांत आमच्या घरातल्या माणसाची सही दुसरी कुठे नाही. मी सगळ्या वह्या चाळून पाहिल्या, आणि हे खरंच सांगतो.

खालची ओळ अजून कोरी आहे. त्या घराण्यातले दुसरे लोक दोनदा येऊन गेले, त्यांना मी तिच्या खालच्या ओळीपासून लिहायला सांगितलं. पान दाखवताना ते कडेने धरतो, अंगठा तिथे पडू नये म्हणून.